पांढऱ्या दोऱ्याची मोटर

आमच्या घरात कामगारांवरच्या पत्रकांचे ढीग होते, पण फ्यूज बदलायला बाहेरून माणूस यायचा. पत्रकं आई-बाबा लिहायचे, मी घड्या घालून वाटायची. 'श्रमाला प्रतिष्ठा' हे शब्द मी शाळेत जाण्याआधी वाचायला शिकले. आणि पदवी घेऊन बसले कुठे, तर बेंगळुरूत इंदिरानगरच्या एका ऑफिसात, स्क्रीनवरचे रकाने भरत. वर्षभरात मला माझाच राग येऊ लागला.

येलहंक्यात जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग करणारं एक दुकान आहे. मालक अण्णा, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले मराठी. मी काम मागितलं तेव्हा त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले.

"स्वल्प मऊ आहेत. तीन महिने बघू. जमलं तर ठेवीन, नाही तर परत तुझ्या एसीत."

शिकवायला अक्का होत्या. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. जळालेली तार काढायची, तार लोखंडाला टेकू नये म्हणून मोटरीच्या खाचांत कागद बसवायचा, तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून घालायचे आणि शेवटी सगळं दोऱ्याने आवळून बांधायचं. दोऱ्याची एक रीत होती: प्रत्येकाचा रंग वेगळा. अण्णांचा लाल, अक्कांचा पांढरा. मला हिरवा मिळाला. मोटर परत आली तर ती कुणाच्या हातची, हे उघडताच कळावं म्हणून.

मी भडकले. "ही तर पाळत झाली! काम सगळ्यांचं, मग चूक एकट्याची कशी?"

"भाषण छान आहे," अक्का म्हणाल्या. "आता वेढे मोज."

हिरवं रीळ मी खणात टाकलं आणि कुणाला न सांगता पांढरा दोरा वापरू लागले. माझ्या मते हा निषेध होता.

तिसऱ्या महिन्याचे आठ दिवस उरले असताना के. आर. पुरमच्या एका इमारतीची पाण्याची मोटर परत आली. जळलेली. मी ती ओळखली. अण्णांनी उघडली, आत पांढरा दोरा.

"अक्का, ही तुमची?"

अक्कांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "दोरा माझा, म्हणजे माझीच असणार. हल्ली डोळे दगा देतात." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

गप्प बसले असते तर माझी नोकरी पक्की होती. पण माझ्या तत्त्वामुळे चूक सगळ्यांची झाली नव्हती. जिने केली नव्हती, ती एकटीच चूक स्वतःच्या अंगावर घेत होती.

"अण्णा, मोटर माझी आहे."

"मग हा दोरा?"

"तत्त्व म्हणून."

"तत्त्वाने टाकीत पाणी चढत नाही," अण्णा म्हणाले आणि मोटर माझ्यापुढे सरकवली. "आत्ता कर. बसवायलाही तूच जा. तिथल्या लोकांना तूच सांग, का जळली ते."

मला वाटलं, अक्का आता बोलणार नाहीत. त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, खाचेतला कागद आखूड कापला गेला होता, तार लोखंडाला घासली होती. "सगळ्यांचं एकदा होतं. आणि मला बरं वाटलं गं. डोळे शाबूत आहेत माझे."

संध्याकाळी मी इमारतीतल्या लोकांपुढे उभी राहून चूक सांगितली. दोन दिवस टँकरच्या पाण्यावर काढलेले लोक, त्यांनी सोडलं नाही. एक आजोबा म्हणाले, "निदान खरं तरी बोललीस." मोटर सुरू झाली, पाइपातून पाणी वर चढल्याचा आवाज आला आणि मला तिथेच रडू आलं.

परत आले तर अण्णा शटर ओढत होते.

"उद्या येऊ का?" मी विचारलं.

"नऊला नको, साडेआठला ये. मोठी मोटर आली आहे, अक्कांना एकटीला उचलवणार नाही."

"म्हणजे मी राहिले?"

"सरी, राहिलीस. आता घरी जा."

याला पाच वर्षं झाली. आता मोठ्या मोटरी थेट माझ्या टेबलावर येतात. पत्रकं अजूनही वाटते, भांडतेही. पण त्या दिवशी ज्या बाईच्या माथी माझी चूक जात होती, तिनेच शेजारी बसून माझा हात सुधारला, हे मी विसरलेले नाही.