वजनात बसलेली कालवड

आई पुण्यात सगळ्यांना सांगते की मी न्यूझीलंडला डेअरीत असते. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दूध-पाव-चिप्सचं दुकान. त्यामुळे इथल्याच लोअर हट शहरातल्या मावसवहिनीने मला एकदा अगदी कळवळून विचारलं, "आयटी सोडून दुकान टाकलंस?" खरं म्हणजे ख्राइस्टचर्चच्या उत्तरेला एका फार्मवर मी मांसासाठी पाळलेल्या गुरांचा कळप सांभाळते. आईला ते पक्कं माहीत आहे. फक्त तोंडाने म्हणायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा ती लांबच्या मुक्कामाला आली ती नेमकी ऑक्टोबरात. इथला वसंत, कालवडींना वळू दाखवायच्या आधीचे दिवस. एकदाही न व्यालेल्या या तरण्या गायींपैकी कोणत्या वळूकडे सोडायच्या ते मी ठरवते, आणि वर्षभरातलं हे एकच काम मला नकोसं वाटतं. नियम साधा आहे. मोठ्या गाईच्या वजनाचा ठरलेला हिस्सा अंगावर भरला तर वळू. नाही भरला तर चरून लठ्ठ व्हायचं आणि कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढायचं. आणखी वर्षभर थांबणं मालकाला परवडत नाही. त्याचं बरोबर आहे हे मला कळतं, आणि तरी दरवर्षी मी त्याच्यावर चिडते.

आईने एका काळ्या कालवडीला लळा लावला होता. तिची आई मेली म्हणून ती बाटलीच्या दुधावर वाढलेली, म्हणून माणसाळलेली आणि म्हणूनच अंगाने जरा कमी. वसुबारसेला आईला सवत्स गाय हवी होती, पण इथल्या वासरंवाल्या गाई माणसाला जवळ येऊ देत नाहीत. मग कुंपणाशी येऊन उभ्या राहिलेल्या या बारकीलाच तिने कुंकू लावलं आणि गूळ-पोळी चारली.

"दात लावले का गं हिने?" ती विचारायची. तिच्या माहेरी, साताऱ्याकडे, दोन दात आल्याशिवाय कालवड फळवत नसत. इथे दात येईतो पहिल्या वासराची वेळ आलेली असते. ते ऐकून आई हळहळली. "लहान आहे गं. राहू दे तिला."

केवढा मायेचा शब्द. पण गाय गाभण गेली की आपण ती 'राहिली' म्हणतो, आणि या फार्मवर ते शब्दशः खरं आहे. जी राहते तीच राहते. ट्रकचं मी आईला सांगितलं नव्हतं. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर, असं मनाशी म्हणायचे.

वजनाच्या दिवशी आई माझे गमबूट घालून हजर. एकेक कालवड लोखंडी वाटेने काट्यावर येत होती, आणि आकडा बघून मी पुढचं डावं किंवा उजवं फाटक उघडत होते. डावं वळूकडे, उजवं दुसरीकडे. बारकी आली. आकडा हलला, थांबला. काठावर, पण बसली. "स्वीट ॲज!" म्हातारा मालक कुंपणावरून ओरडला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. मला इतका आनंद झाला की हात डाव्या फाटकाकडे गेलासुद्धा.

"थांब," आई म्हणाली. "वजन काय बघतेस? मागून बघ. कंबर बघ तिची."

कंबर मलाही दिसली होती. मी बघायचं टाळत होते. वजन भरलं होतं, पण मागची बाजू अजून पोरसवदा, अरुंद. अशी कालवड विताना अडते. वासरू जातं, कधी दोघंही जातात.

"वजन माझंही होतं," आई म्हणाली. "अंगाने भरलेली आहे म्हणून तर पसंत केलं मला. दहावीचा निकालसुद्धा सासरीच कळला."

माझ्या आधीचं एक बाळ बाळंतपणात गेलं, एवढं मला मावशीकडून ठाऊक होतं. आईने आजवर त्याचं अवाक्षर काढलं नव्हतं.

"कोणीतरी म्हणायला हवं होतं तेव्हा, राहू दे तिला. म्हणून मी म्हणतेय. राहू दे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, इथे राहू दे म्हणजे तसं नसतं. वळूकडे नाही सोडली तर ती ट्रकमध्ये जाते."

तिने विचारलं, "दुसरं काहीच नाही?"

"नाही. मालकाला विचारून झालंय. दोनदा."

मागे कालवडी खोळंबल्या होत्या. मालकाने हातानेच काय झालं म्हणून विचारलं. आईने गजांमधून हात घालून बारकीच्या पाठीवर ठेवला. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, मालकाचा, काट्याचा, आईला पसंत करणाऱ्या, मी न पाहिलेल्या आजीचा.

"सोड वळूकडे," आई म्हणाली. "आणि माझं तिकीट पुढे ढकल."

"अगं, ती व्यायला पुढचा वसंत उजाडेल. व्हिसाचं काय?"

"ते तू बघ, आयटीवाली ना तू. ती अडली तर कोणीतरी जवळ पाहिजे. माझ्या वेळी दाराबाहेर सगळे होते गं. आत कोणी नव्हतं."

मी डावं फाटक उघडलं.