पडद्याच्या मागच्या बाजूने

सिनेमाबद्दलची माझी मतं दहाव्या वर्षीच पक्की झाली होती आणि कुणी विचारो न विचारो, मी ती सांगत सुटायची. हिरॉइन कितीही रडली तरी तिचं काजळ ओघळत नाही, म्हणजे ते काजळ आपल्या घाटकोपरच्या बाजारात मिळत नाही. हीरोच्या आईला खोकला लागला की ती फार तर मध्यंतरापर्यंत टिकणार. डाकू राहतात तो घाट म्हणजे बोरिवलीचं जंगल, कारण शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा तोच वाकडा दगड मी या डोळ्यांनी पाहिला होता. सिनेमात तो दुसऱ्या बाजूला वाकलेला होता, पण दगड तोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं मत असं, की सिनेमात काम करणारी झाडून सगळी माणसं डावखुरी असतात.

हे शेवटचं मत माझ्या फारच जिव्हाळ्याचं होतं, कारण मी डावखुरी होते आणि त्यापायी माझी रोज वाट लागत होती.

घरात आम्ही तिघं. आई मी लहान असतानाच गेली. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. घर चालवायची ती आत्या, बाबांची मोठी बहीण. कोकणातून आली ती सगळे नियम ट्रंकेत भरूनच आली. डाव्या हाताने जेवायचं नाही, दिवा लावायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही आणि लिहायचं तर मुळीच नाही. मी अभ्यासाला बसले की जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन ती माझा डावा हात पाठीमागे बांधून टाकायची. उजव्या हाताने माझी अक्षरं लंगडत चालायची. प्रगतिपुस्तकावर सही करायला बाबांनाही फार वेळ लागायचा, आणि त्यांची सहीही तशीच लंगडायची. अक्षर बापावर गेलंय, असं आत्या म्हणायची.

सिनेमा मात्र आत्याला मनापासून आवडायचा. आमच्या चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत गणपतीत, नवरात्रात, शिवजयंतीला मंडळ सिनेमा आणायचं. दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचे, समोर लांबवर मशीन ठेवायचे आणि मधे सतरंज्या अंथरायचे. बाबा मंडळात होते, रीळ बदलायला मदत करायचे, त्यामुळे त्यांची जागा मशीनजवळ. आणि पडदा बांधायचे तो नेमका आमच्या ओट्याला पाठ करून. मुलीच्या जातीने त्या गर्दीत बसायचं नाही, असं आत्याचं म्हणणं. मग ती आणि मी आमच्याच ओट्यावर पाट टाकून पडद्याच्या मागच्या बाजूने सिनेमा बघायचो. कापड पातळ होतं, झकास दिसायचं. थेटरात मी तोवर एकदाच गेले होते, तेही मांडीवर झोपून.

मागून नावं उलटी दिसायची. ती उलटी वाचायची मला इतकी सवय झाली होती की मी मैत्रिणींवर भाव मारायची. पण अक्षरं उलटी दिसतात तर माणसंही उलटी दिसत असणार, एवढी साधी गोष्ट काही डोक्यात शिरली नाही. उलट मी एकेक शोध लावत गेले. हिरॉइनचा पदर उजव्या खांद्यावर. आमच्या घाटकोपरात उजव्या खांद्यावर पदर घेतात त्या गुजराती बायका, म्हणून बहुतेक हिरॉइनी गुजराती. इन्स्पेक्टर सलाम ठोकतो डाव्या हाताने. जज हातोडा आपटतो डाव्या हाताने. आणि आमचा हीरो, ज्याच्यावर माझा भलताच जीव होता, तो डोंगरावर बसून हिरॉइनला चिठ्ठी लिहितो ती डाव्या हाताने. तो क्षण मला अजून दिसतो. मी ओट्यावर उभी राहिले, पाट उलटला, आत्याने चिमटा काढला, तरी मी बसले नाही. एवढा देखणा, एवढा शूर माणूस माझ्यासारखा होता. मला वेड लागायचंच बाकी राहिलं होतं.

त्याच वर्षी शाळेतून चिठ्ठी आली. डाव्या हाताने लिहिलेला वार्षिक परीक्षेचा पेपर तपासला जाणार नाही, असं बाईंनी कळवलं होतं. उजव्या हाताने माझा अर्धा पेपरही लिहून होत नसे. म्हणजे माझं वर्ष जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि खाली ठेवली. आत्या पट्टी घेऊन आली.

"डाव्या हातान कोण लिवता गो, चेडवा?" तिने हात बांधता बांधता विचारलं. दर वेळी विचारायची. त्या दिवशी मी उत्तर दिलं.

आमचा हीरो लिहितो, म्हटलं. मग मी थांबलेच नाही. इन्स्पेक्टर, जज, डॉक्टर, तार घेऊन येणारा पोस्टमन, सगळ्यांची नावं घेतली. गेल्या नवरात्रातल्या सिनेमात त्या बिचाऱ्या आईने मुलाला शेवटचा घास भरवला, तो कुठल्या हाताने, सांग ना, असं आत्यालाच विचारलं. तो घास बघून आत्या दोन दिवस डोळे पुसत होती. तिचे हात थांबले.

बाबा उठले आणि माझ्या हाताची गाठ सोडायला लागले. ती गाठ ते डाव्या हाताने सोडत होते, पण तेव्हा मी रडत होते, माझं तिकडे लक्ष नव्हतं. ते आत्याला म्हणाले, "आक्का, पोरगी खरं सांगते. मीपण बघितलंय. सगळे डाव्या हातानंच लिहितात."

आत्या पट्टीची घडी घालत म्हणाली, "त्या आवशीन सुद्धा डाव्याच हातान घास भरवलो." आणि तिने निकाल दिला. लिहायला डावा चालेल, जेवायला उजवाच.

दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात उशिरा गेले आणि आधी शाळेत आले. बाईंशी काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी परीक्षा डाव्या हाताने दिली आणि वर्गात तिसरी आले. बाबा इतके खूश झाले की रविवारी मला थेटरात घेऊन गेले, तीनच्या खेळाला, आमच्या हीरोचा नवाकोरा सिनेमा बघायला. मी सकाळपासून काही खाल्लं नाही. खुर्चीत बसले तर पाय जमिनीला लागेनात, पडदा तर आमच्या अख्ख्या चाळीएवढा.

पडद्यावर नावं आली ती सुलटी. थेटरात सगळं चांगल्यापैकी असतं, म्हणून नावंही सुलटी लिहीत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग हिरॉइन आली, तिचा पदर डाव्या खांद्यावर. ही मराठी असेल, म्हटलं. मग आमचा हीरो आला. टेबलाशी बसला, पेन काढलं आणि लिहायला लागला. उजव्या हाताने.

मी बाबांच्या कानाशी लागून म्हटलं, यांनी मशीन उलटं लावलंय. मागच्या माणसाने शुक् केलं. मग इन्स्पेक्टरचा सलाम उजवा, गाडीवानाचा चाबूक उजवा, सगळं जग उजवं. आता आत्याला कळणार, आणि उद्या पट्टी पुन्हा ट्रंकेतून बाहेर येणार, याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

मध्यंतरात बाबांनी बटाटेवडे आणले. मी हातात धरून बसले. बाबा म्हणाले, "गणपतीत तू कुठून बघतेस?"

"ओट्यावरून."

"आणि मी?"

ते मशीनजवळ बसायचे. पडद्याच्या पुढे, सुलट्या बाजूला. त्यांनी पहिल्यापासून सगळ्यांना उजव्या हाताने लिहितानाच पाहिलं होतं. हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

"मग तुम्ही आत्याला खोटं सांगितलंत?"

बाबांनी वड्याचा कागद सरळ केला. म्हणाले, "अगं, ती पट्टी तुझ्याआधी माझ्या हाताला होती. गावी, दोन वर्षं. तेव्हा आमच्या गावात सिनेमा येत नव्हता."

घंटा झाली, दिवे गेले. बाबांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं. मग उजव्या हातातला वडा डाव्या हातात घेतला आणि सावकाश खायला लागले.

त्या सिनेमाचा उत्तरार्ध कसा होता, तो बघावा की न बघावा, हे मात्र मला विचारू नका. मी पडद्याकडे बघितलंच नाही.