लाळेला साबण

मी एकदा डुकरांच्या लाळेला साबण लावून ती तपासणीला पाठवली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणी समजायला नको. तेव्हा मी नुकतीच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले होते. केसांना काळा रंग, चष्म्याला सोनेरी काडी आणि नाक इतकं वर, की पाऊस आला असता तर पाणी थेट आत गेलं असतं. आता माझीच लाळ रात्री उशीवर गळते. तेव्हाची ती बाई आज भेटली तर तिला चांगला चिमटा काढीन.

सुनेनं गंगाखेड रोडच्या आमच्या रानात डुकरांची शेड घातली होती. उकिरड्यावर फिरणारी काळी डुकरं नव्हेत. पांढरी, गुलाबी कानांची, पैदाशीची. मला ते गुलाबी कानही बघवायचे नाहीत. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. आजी एकच लुगडं रोज आपटून धुवायची आणि धुतलेल्या लुगड्यानं गावातून ताठ चालायची. त्या आजीची मी नात. मुलांची नखं तपासण्यात माझा जन्म गेला.

"एवढी शिकलीस आणि शेवटी डुकरांत गेलीस?" मी सुनेला म्हणायचे.

"शिकले म्हणूनच गेले, आत्याबाई. न शिकता गेले असते तर तुमी बोलला असता का माझ्याशी?"

लय तोंडाळ. मी नाकाला पदर लावायचे.

या धंद्यात एका विषाणूची फार धास्ती. गाभण डुकरिणीला तो लागला, की पिल्लं पोटातच मरतात आणि काळी पडून बाहेर येतात. बाहेरून आणलेलं जनावर वरून धडधाकट दिसतं, खातं-पितं आणि आत तो घेऊन फिरतं. म्हणून नवी जनावरं लांबच्या शेडमध्ये वेगळी ठेवायची आणि त्यांची लाळ तपासायची. रक्त काढायला डुक्कर धरलं तर ते किंचाळून अख्खं शिवार गोळा करतं. त्यापेक्षा सुती दोरी टांगायची. डुकरं ती खेळत चघळतात. मग ओला शेंडा पिशवीत घालून पिळायचा, लाळ नळीत, नळी बर्फाच्या डब्यात, डबा लॅबला.

ती दोरी मीच बाजारातून आणली होती. दुकानदारानं विचारलं, "पाळण्याला का, बाई?" डुकरांना म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "हो." तो खूश झाला. "मुलगा का मुलगी?" म्हटलं, "अजून मोजायचेत."

एके दिवशी कामावरची माणसं लग्नाला गेली होती आणि जुन्या शेडमध्ये एक डुकरीण अडली होती. सून तिच्यापाशी. तिथूनच ओरडली, "आत्याबाई, लांबच्या शेडातली दोरी तेवढी पिळता का? अन् गमबूट बदलल्याबिगर इकडं येऊ नका!"

गेले. चार डुकरिणी एका दोरीला लागल्या होत्या. एकीनं चघळून सोडलेला शेंडा दुसरी तोंडात घेत होती, दुसरीचा तिसरी. दोरी सोडवली तर शेंडा कोमट. कोमट! त्यातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, तारांत भरड्याचे कण, कणांवर फेस आणि वरच्या अंगाला विष्ठेचा हिरवा फराटा. आंबलेल्या कण्यांसारखा वास नाकात गेला तो घशात उतरला. हे पिळायचं? आणि असलं घाण लॅबमधल्या शिकल्या-सवरल्या माणसांच्या हातात द्यायचं? आपल्या घरचं म्हणून?

मी दोरी नळाखाली धरली. कपड्याचा साबण लावला, चांगली चुबकली, खळबळून काढली आणि मग पिळली. नळीत कसं नितळ, जरासं फेसाळ पाणी उतरलं. उजेडात धरून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले. मुलांची अशी वही दिसली असती तर मी शेरा दिला असता: उत्तम.

काही दिवसांनी लॅबचा फोन आला. विषाणू सापडला नाही. सुनेचा चेहरा उजळला. उद्या नवी जनावरं जुन्या गाभण्यांत सोडू म्हणाली. रात्री जेवताना उत्साहानं सांगत होती, "नुसती लाळच लागती, आत्याबाई. पाणी जरी गेलं तरी लॅब फसती."

माझ्या ताटात भेंडी होती. घास उचलला, त्याला तार आली. मी ती तार बघत बसले आणि बोलले नाही. मुख्याध्यापिका ना! डुकरिणींची पिल्लं पोटात मेली तरी चालतील, पण बाईंची चूक सुनेला कळता कामा नये. या गोष्टीत सगळ्यात घाण काय असेल तर ते. दोरी त्यापुढं चंदन.

सकाळी त्या चार जणी बोळातून फाटकाकडं हाकल्या जात होत्या. फाटकापलीकडं गाभण्यांनी वासानंच नाकं वर केली होती, पोटं जमिनीला टेकलेली. सुनेचा हात कडीवर गेला आणि मी पळत सुटले.

"उघडू नको! मी साबण लावला!"

"कशाला?"

"लाळेला!"

कामावरचा माणूस तोंड फिरवून खांदे हलवत हसला. सून हसली नाही. तिनं कडी घट्ट बसवली आणि चौघींना मागं वळवलं.

दुसरी दोरी मीच पिळली. सून हाताची घडी घालून पुढ्यात उभी. लाळ हातमोज्यावरून मनगटात उतरली, ती तशीच उतरू दिली. या वेळी फोनवर उत्तर वेगळं आलं. विषाणू होता.

मग डॉक्टर आले. त्या चौघींना मारून खड्ड्यात चुना टाकून पुरलं. चुन्याचा तो वास माझ्या लुगड्यातून कितीतरी धुण्यांनंतर गेला. एक जण खड्ड्याकडं जातानासुद्धा माझ्या पदराचा शेंडा दोरी समजून चघळायला बघत होती. पदर ओढून घेताना मला किळस आली आणि त्या किळसेचीही आली.

जुन्या शेडच्या दोऱ्याही तपासल्या; त्या मात्र दर वेळी निर्मळ आल्या. तिथल्या गाभण्यांतली पहिली व्याली तेव्हा सुनेनं मला मुद्दाम बोलावलं. पिल्लं एकेक करून बाहेर सटकत होती. शेंबडासारखी बुळबुळीत, रक्ताळलेली आणि ओरडणारी. मी नाकाला पदर लावून भिंतीला टेकले होते. सून कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी एक पिल्लू पुसत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"आत्याबाई, सोमवारी दोरी हाय. तुमीच पिळायची. उलटी आली तर बाहेर जाऊन करा, नळीत नको."