भोंगा अवेळी वाजला तेव्हा

देवापुढची वात विझली की जळक्या कापसाचा वास येतो आणि मी अजूनही दाराकडे बघते.

हिंगणघाटात बघण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. मला गिरणीमागची आमची मजुरांच्या घरांची ओळ आठवते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. ऐन दुपारी, सुटीच्या कितीतरी आधी गिरणीचा भोंगा वाजला आणि थांबेचना. अवेळी भोंगा म्हणजे आग, आणि मग आधी घरची चूल विझवायची, हा आमच्याकडचा रिवाज. आईने चुलीवर पाणी मारलं. घराघरांतून तसाच चर्र आवाज आला आणि सगळ्या बाया ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. जळका वास गल्लीत शिरला होता.

मग पुरुष येऊ लागले, कापसाने पांढरे झालेले, सगळे सारखेच. बाबा अगदी जवळ आले तेव्हा कुठे ओळखू आले. मी आईचा पदर ओढला. "माय, आता तरी भाकर दे न. मले भूक लागली."

"थांब. तुह्या सखूमावशीचा मालक आला नाई अजून."

मला रागच आला. पण बाबाही आत गेले नाहीत. ज्यांची माणसं परतली होती, त्यांतली एकही बाई आत गेली नाही. शेजारची सखूमावशी रस्त्याकडे बघत होती आणि सगळी ओळ तिच्याकडे.

ऊन कललं तेव्हा तिचा नवरा आला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, लंगडत. सखूमावशी आत गेली.

तिच्या छपरातून धूर निघालेला दिसला, तेव्हाच आईने आमची चूल पेटवली.