गजभियेसाहेबांची सही

"गजभियेंनी सही केली का?" हा प्रश्न आमच्या कंपनीत रोज कोणीतरी विचारायचं, आणि विचारणारा आधीच वैतागलेला असायचा. नागपूरबाहेरच्या त्या रंगाच्या कारखान्यात गजभियेसाहेब अंतर्गत ऑडिटर होते आणि मी ऑफिसात टायपिस्ट. संचालकांचे अहवाल, वार्षिक सभेचे कागद, परदेशी पत्रव्यवहार, सगळं माझ्या मशीनवरून जायचं आणि गजभियेंच्या टेबलावर जाऊन अडकायचं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी आग विझवायच्या वाळूच्या बादल्यांची यादी त्यांच्याकडे नेली. बारा बादल्या, बारा जागा, खाली सहीची रेघ. त्यांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, तुमी ह्या बादल्या पाह्यल्या का?"

"गोदामातून यादी आली, तशी टाइप केली."

"मंग चला, पाहून येऊ."

एप्रिलची दुपार होती. कानाला दुपट्टा गुंडाळून ते पुढे, डोक्यावर पदर घेऊन मी मागे. पाच बादल्यांत वाळू सापडली. चार बादल्यांत विड्यांची थोटकं आणि पानाच्या पिचकाऱ्या होत्या, दोन कॅन्टीनवाल्यानं नेल्या होत्या आणि एकीत कोणीतरी सदाफुली लावली होती. ती मस्त फुलली होती. "आग लागली का हे फुलं टाकू आपण तिच्यावर," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. मी यादी पुन्हा टाइप केली. घरी येऊन डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेवून पडले आणि त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

चाळिशीचा, काडीसारखा माणूस. नागपुरातल्या नंदनवन वस्तीतून सायकलीनं यायचे. छप्पन साली वडिलांबरोबर दीक्षा घेतली तेव्हा ते मॅट्रिकला होते, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. ऑफिसात ते गप्पा मारत नसत. चहासुद्धा एकटेच प्यायचे. "आकडे त सारेच जुळवतेत," ते म्हणायचे, "कागदावरची वस्तू जमिनीवर हाय का, हे पाहाचे पैसे मिळतेत मले."

काही वर्षांनी जर्मनीच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचं पत्र आलं. रंग पसंत होता, भाव पसंत होता. फक्त एक चौकशी होती: कारखान्याचं सांडपाणी तुम्ही शुद्ध करून सोडता का? तसं तुमच्या अंतर्गत ऑडिटरच्या सहीचं पत्र पाठवावं.

मोठे साहेब हसत सुटले. "याला रंग घ्यायचा आहे की नाला?" मग मला म्हणाले, "लिहून टाका. सर्व सांडपाणी यंत्राद्वारे शुद्ध करूनच सोडले जाते. तेच वाक्य वार्षिक अहवालातही घाला, बरं दिसेल."

मी दोन्हीकडे घातलं. वाक्य खरोखरच बरं दिसत होतं. पत्र गजभियेंपुढे ठेवताना मात्र मला पुढचं सगळं दिसत होतं, आणि झालंही तसंच. ते उठले.

यंत्राची खोली कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून होती. तिथल्या ऑपरेटरनं मोठ्या अदबीनं रजिस्टर पुढे केलं. रोजची वेळ, पाण्याचा रंग, किती पाणी सोडलं, सगळं सुवाच्य अक्षरात. मला हायसं वाटलं. गजभिये पानं उलटत गेले आणि थांबले.

"आज कोणता वार हाय गा?"

"बुधवार, साहेब."

"हे त शनिवारपर्यंत भरलं हाय."

"शनिवारी मले सुट्टी पाहिजे होती साहेब, म्हणून भरून ठेवलं."

"शनिवारच्या पाण्याचा रंग तुले आज कसा समजला गा?"

गजभियेंनी मोटारीच्या बटणाची पेटी उघडली. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, चांगलं वाळून घट्ट झालेलं. यंत्र कधीपासून बंद होतं ते ऑपरेटरलाही सांगता येईना. तो कामाला लागला तेव्हापासून त्यानं ते चालताना पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, आता परत फिरू. पण हा माणूस कुंपणाच्या फटीतून पलीकडे नाल्यावर उतरला. मीही चपला हातात घेऊन उतरले. पाणी लालभडक होतं. एक बाई कपडे धूत होती. अनसूया तिचं नाव.

"रोज लालच असते का वं बाई?" गजभियेंनी विचारलं.

"नाही जी. काल निळं होतं. आमी पांढरं काही धूतच नाही." तिच्या हातांची कातडी कोपरापर्यंत फुटलेली होती.

"अन् प्यायचं पाणी?"

तिनं विहीर दाखवली. नाल्यापासून दहा पावलांवर. गजभियेंनी पोहरा ओढला, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि बोटं सैल करून ते खाली सोडून दिलं.

कारखान्याचे मॅनेजर दुबेजी फाटकाशीच उभे होते. "गजभियेजी, आप हिसाब-किताब के आदमी हैं. पानी में क्यों उतर रहे हैं?"

"चिठ्ठीत पाण्याचंच विचारलं हाय, साहेब."

त्यांनी सही केली नाही. माझ्या सुंदर वाक्यावर रेघ मारून खाली लिहिलं: यंत्र बंद आहे. ते सुरू झाल्याचे प्रत्यक्ष पाहिल्यावर सही करीन. जर्मनांना त्यांचीच सही हवी होती, त्यामुळे दुसऱ्या कोणाची चालणार नव्हती. मोठ्या साहेबांनी समजावलं, धमकावलं, पगारवाढीचं सुचवून पाहिलं. आठवडे गेले. ऑर्डर लांबली, ओव्हरटाइम बंद झाला आणि सगळा कारखाना गजभियेंवर उलटला. कोणीतरी रोज त्यांच्या सायकलची हवा सोडायचं. ते रोज शांतपणे सायकल हातात धरून चालू लागायचे.

शेवटी मीच त्यांच्यावर ओरडले. "एक सही करायला तुमचं काय जातं? सारी दुनिया करते! यंत्र पुढेमागे दुरुस्त होईलच की. तुमच्यापायी लोकांच्या घरी चुली पेटायच्या बंद होतील!"

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "बाई, आमच्या गावात विहिरीवर चढाची आमाले मनाई होती. माय घागर घेऊन खाली उभी राहे. कोणी वरून ओतलं त पाणी. कधी दुपार होऊन जाय. बाकी कायच्याबी बाबतीत तुमी मले पटवून पाहा. पाण्याबद्दल मी खोटं लिहीन नाही."

मी टेबलावर परत आले. मला त्यांचा राग येतच होता, पण ते पत्र मी पुन्हा त्यांच्यापुढे नेलं नाही.

जर्मनीहून दुसरं पत्र आलं, मग तार आली. तेव्हा कुठे मोठ्या साहेबांनी मेकॅनिक बोलावले. यंत्र सुरू झालं. तरी गजभियेंनी लगेच सही केली असेल तर शपथ! आठ दिवस ते रोज कुंपणाशी जाऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याची बाटली भरून आणत आणि तारखेची चिठ्ठी लावून माझ्या टेबलावर मांडत. माझ्या टाइपरायटरला जागा उरली नाही. नवव्या दिवशी त्यांनी सही केली आणि ऑर्डर मिळाली. दहाव्या दिवशी त्यांची बदली झाली, गांधीबागेतल्या आमच्या विक्रीच्या डेपोवर, रंगाचे डबे मोजायला. मोठ्या साहेबांनी त्या हुकुमात 'बढती' असा शब्द घालायला लावला. तोही मीच टाइप केला.

निरोपाला कोणी आलं नाही. ते खणातल्या वस्तू पिशवीत भरत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "साहेब, शेवटी तुम्हीच जिंकलात."

ते एकदम चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "काय जिंकलो बाई? मशीन कायच्यानं सुरू झाली? जर्मनीहून चिठ्ठी आली म्हणून! ती अनसूया नाल्यावरून इतके वर्षं सांगून राहिली. अर्ज देल्ले तिनं कंपनीले. तिच्या चिठ्ठीनं काहून नाही सुरू झाली? तुमच्याच कपाटात असतीन ते अर्ज." पिशवी हँडलला अडकवून ते निघून गेले. नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

मला भयंकर राग आला. जाता जाता माझ्यावर कशाला ढकलायचं? मी तावातावानं कपाट उघडलं. 'किरकोळ तक्रारी' नावाची फाईल सगळ्यात खाली होती. तिच्यात चार अर्ज निघाले. कोणाकडून तरी लिहून घेतलेले, खाली अनसूयेचा अंगठा. पहिला मी नोकरीला लागले त्याच महिन्यातला होता. चारही अर्जांवर माझ्याच अक्षरात 'नोंद घेतली, फाईल करावे' असं लिहिलेलं आणि खाली माझी सही.

मी मशीनवर कागद चढवला. तारीख टाकली, तिचं नाव टाकलं. पुढचं वाक्य मला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.