होडीच्या बुडाचं ठिगळ

सांगलीकर मंडळी, पुरासाठी गल्लीची स्वतःची होडी असावी म्हणून आज आम्ही चौघं नदीपलीकडच्या गावात एक जुनी होडी बघायला गेलो.

बुडाला पत्र्याचं ठिगळ दिसलं आणि मला जोर आला. "आवं आण्णा, ठिगळाच्या होडीला एवढं कोण देतंय? निम्म्यात द्या."

होडीवाले आण्णा शांतपणे म्हणाले, "बघू की. गेल्या पुरात तुमच्या गल्लीतली माणसं काढताना पाण्याखालच्या निळ्या फाटकाला होडी घासली, तवाचं हाय ते."

निळं फाटक आमचं. मी तेव्हा पुण्यात अडकलो होतो. आईला त्या फाटकापाशीच होडीत घेतलं होतं.

पुढं घासाघीस करायला जीभ उचलेना. पण ठिगळ ते ठिगळच, आणि उद्या त्यात आपलीच माणसं बसणार.

तुम्ही असता तर त्या ठिगळाचे पैसे कमी केले असते, की वाढवून दिले असते?