गुरुवारी बाबाने यायचं का?

चौकातल्या छोट्याशा दुकानात मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करणारा हा मेकॅनिक माणूस म्हणून लाखात एक. पण त्याच्या देखत दुसऱ्या कुणी काही करायला घेतलं की संपलंच. शेजारी खिळा ठोकायला लागला तरी याचे हात शिवशिवायचे. "द्या इकडे," म्हणायचा, आणि समोरचा हो-नाही म्हणेपर्यंत हातोडी याच्या हातात आलेली असायची. शेजाऱ्यांना ते बरंच होतं. काम फुकटात होत असेल तर तक्रार कोण करतंय! घरात मात्र तिसरीतली लेक होती, आणि तिला अजून सगळंच शिकायचं होतं. बुटाची नाडी म्हणा, सायकलची चेन म्हणा, दर वेळी बाबाचा हात आधी पोचायचा.

शहरात मुलांसाठी नवं म्युझियम उघडलं होतं. तिथे कशालाही हात लावायला मनाई नव्हती, उलट लावलाच पाहिजे असा आग्रह. पाण्याचे पाट वळवायचे, कप्पीने वजनं उचलायची, जुनी यंत्रं खोलून बघायची. शाळेला सुटी लागली आणि जायचं ठरलं, तर लेकीआधी बाबाच हरखला. चहा संपेपर्यंत त्याने अख्खा बेत आखूनही टाकला. रविवारी जायचं, दार उघडायच्या आधी हजर व्हायचं आणि थेट यंत्रांच्या खोलीत घुसायचं.

"गुरुवारी जाऊ या ना," लेक म्हणाली. "मामाला सुटी असते. आईची पण ड्यूटी नाहीये हॉस्पिटलात."

"अगं, पण गुरुवारी माझं दुकान असतं."

"हो ना," ती म्हणाली आणि बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत बसली.

पोरगी गर्दी टाळायला बघतेय, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने 'गुरुवारी दुकान बंद' अशी पाटी लावली, त्यापायी दोन गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी घराच्या दारातूनच ओरडला, "मी पण येतोय गुरुवारी!"

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. मामा आलेला होता, तो उगाच छताकडे बघायला लागला.

"मग मी नाही येत," लेक म्हणाली.

"का गं? तुझ्यासाठी दुकान बंद ठेवतोय मी!"

तशी तिला रडूच फुटलं. "तू आलास की सगळं तूच करतोस! ती पवनचक्की पण तूच केलीस!"

"अगं, बाबांना असं बोलतात का?" बायको म्हणाली खरी, पण आवाजात काही जोर नव्हता. तेवढ्यावरून त्याला कळायचं ते कळलं. गुरुवार एकट्या लेकीच्या डोक्यातून निघालेला नव्हता. आपल्याच माणसांना आपल्याला चुकवून बेत आखावा लागतो, आणि तो असा मेव्हण्यासमोर उघडा पडतो! जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

शाळेच्या प्रदर्शनासाठी लेकीने पुठ्ठ्याची पवनचक्की केली होती. पाती वाकडी होती, पण फिरत होती. त्याने ती बाजूला सारली आणि दिव्यासकट नवी करून दिली. पहिला नंबर आला. बक्षीस घ्यायला लेक जागची उठली नाही, पोट दुखतंय म्हणाली, आणि या शहाण्याने तिला घरी आणून पोटदुखीचं औषध पाजलं होतं.

मामा काहीतरी कारण काढून सटकला. लेक डोळे पुसून कागद घेऊन बसली होती. म्युझियममध्ये आधी कुठे जायचं याचं चित्र काढत होती. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "गुरुवारी मी नुसता बघेन. हात खिशात घालून."

"नक्की?"

"अगदी नक्की. यंत्र उलटं जोडलंस, पाणी कुठेही सोडलंस, तरी चकार शब्द काढणार नाही. तुझं तू करायचं. मला कळलंय आता."

हे तो मनापासून बोलत होता, त्यात तिळमात्र खोट नव्हती. बोलणं संपलं तेव्हा लेकीची पेन्सिल त्याच्या हातात होती आणि तिला सुरेख टोक निघालेलं होतं. तिच्याकडून शिसं मोडत होतं, ते बघून त्याने पेन्सिल कधी ओढून घेतली, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

लेकीने आईकडे बघितलं, डब्यातून दुसरी पेन्सिल काढली आणि जरा सरकून बसली.

शरमेने त्याचे कान तापले. चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर निदान काही म्हणता तरी आलं असतं.

"दुकान उघडावंच लागेल गुरुवारी," तो म्हणाला. "कामं फार तुंबलीत. तुम्ही मामाबरोबर जाऊन या."

"खरंच?" लेक ताडकन उठली आणि त्याच्या गळ्यातच पडली. अशी घट्ट मिठी तिने कित्येक महिन्यांत मारली नव्हती. "बाबा, तू किती चांगला आहेस!"

तिच्या पाठीवर हात ठेवायचाही त्याला धीर होईना. "बरं, बरं," एवढंच म्हणाला, आणि तिने सोडेपर्यंत तसाच बसून राहिला.